विश्लेषण : मुंबई ते नरपड-दमण... सहकुटुंब मोटारप्रवासात चारोटीचे वळण महत्त्वाचे का?

जोडून सुट्ट्या आल्या की मुंबई-ठाण्यातल्या गाड्या लोणावळा, महाबळेश्वर आणि अलिबागकडे निघतात आणि अर्धा दिवस कोंडीत जातो. उत्तरेकडची वाट मात्र अनेकांच्या यादीत नसते. डहाणू तालुक्यातील नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी हा किनारा आणि पुढे गुजरातमधील संजाण, उदवाडा, मग दमण हे सारे दोन दिवसांत नीट पाहून होते. समुद्र, चिकूच्या वाड्या, वारली पाडे, पारशांचा इतिहास आणि पोर्तुगीज किल्ले एकाच प्रवासात भेटतात. मात्र या वाटेचा पहिला टप्पा अपघातांमुळे बातम्यांत असतो, तर शेवटचा टप्पा वाढवण बंदरामुळे. निघण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

मार्ग कसा आहे?

घोडबंदर, वर्सोवा पूल, खानिवडे टोल नाका, मस्तान नाका आणि चारोटी हा राष्ट्रीय महामार्ग ४८ वरचा क्रम. जुनी मंडळी याच रस्त्याला अजून ‘आठ नंबर’ म्हणतात. मुंबई ते डहाणू हे अंतर साधारण १४० किमी आहे. चारोटी नाक्यावर महामार्ग सोडून डावीकडे वळले की सुमारे २५ किमीवर डहाणू. तिथून उत्तरेला नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी आणि राज्याच्या सीमेवरचे झाई अशी गावे किनाऱ्याने ओळीने लागतात. या रस्त्यावर डावीकडे सुरूची झाडे आणि समुद्र, तर उजवीकडे वाड्या.

अनेक जण मॅपवर सर्वात कमी वेळाचा मार्ग निवडून तलासरीपर्यंत महामार्गानेच जातात आणि तिथून बोर्डीला वळतात. वेळ थोडा वाचतो, पण ज्यासाठी घराबाहेर पडलो तो रस्ताच हुकतो. म्हणून जाताना चारोटी आणि येताना तलासरी असा फेरा बरा. गाडी नसेल तरी अडचण नाही. एप्रिल २०१३ पासून पश्चिम रेल्वेची लोकल डहाणू रोडपर्यंत धावते. तिथून नरपडला रिक्षाने जाता येते.

महामार्गावर धोका नेमका कशाचा?

४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा याच महामार्गावर, चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर अपघातात मृत्यू झाला. ते उदवाड्याहून मुंबईकडे येत होते. गाडीत चौघे होते. मागच्या आसनावरील दोघे दगावले, पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी सीट बेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते.

कुटुंबाच्या गाडीत मागे कोण बसते? आजी-आजोबा, आई आणि मुले. म्हणजे ज्यांची सर्वाधिक काळजी वाटते तेच बहुतेक वेळा बेल्टविना असतात. यामागचे गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचे आहे. ताशी ६० किमी वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर बेल्ट न लावलेल्या माणसाचे शरीर त्याच वेगाने पुढे जाते. हा वेग सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. ताशी १०० किमीला हीच उंची जवळपास ३९ मीटर, म्हणजे तेरा मजले होते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, म्हणून आकडा इतक्या झपाट्याने वाढतो.

मांडीवरच्या बाळाचेही असेच. ६० च्या वेगातली गाडी एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आठ किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १३६ किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागेल. ती कुणाच्याही हातात नसते.

कायदा काय सांगतो?

पुढे तोंड असलेल्या मागच्या आसनांवरील प्रवाशांनाही सीट बेल्ट बंधनकारक आहे. हा नियम जुनाच. मिस्त्री यांच्या अपघातानंतर त्याची चर्चा वाढली, एवढेच. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार बेल्ट न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. १४ वर्षांखालील मुलांसाठी बेल्ट किंवा लहान मुलांचे सुरक्षा आसन नसेल, तरीही दंड तेवढाच. निघण्यापूर्वी मागच्या आसनाच्या कव्हराखाली दबलेली बकले बाहेर काढून ठेवा. अनेक गाड्यांत बेल्ट असूनही तो लागत नाही, त्याचे कारण हेच कव्हर असते.

महामार्गावर अवजड वाहनांची संख्या मोठी आहे. ताशी ८० किमी वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. पुढच्या वाहनापासून किमान तीन सेकंदांचे अंतर ठेवा आणि पूल दिसला की डावीकडून ओव्हरटेक टाळा.

चारोटीनंतर काय पाहायचे?

महामार्गालगत, चारोटीच्या उत्तरेला विवळवेढे येथे महालक्ष्मीचे मंदिर आहे. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस इथे यात्रा भरते. आदिवासी समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान असल्याने यात्रेच्या दिवसांत वाहतूक संथ होते, हे लक्षात ठेवावे.

डहाणूच्या वाटेवर गंजाड लागते. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे हे गाव. लग्नाच्या वेळी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम पूर्वी स्त्रिया करत. १९७० च्या दशकात म्हसे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर नेली आणि ती जगभर पोहोचली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. आज या परिसरातील अनेक पाड्यांवर घरोघरी चित्रे काढली जातात. मुलांना रेषा, त्रिकोण आणि वर्तुळ यांतून माणूस कसा उभा राहतो हे प्रत्यक्ष पाहता येते. घर किंवा माणसांचे फोटो काढण्याआधी विचारावे आणि चित्र घ्यायचे तर थेट कलाकाराकडून घ्यावे.

नरपड-बोर्डीचे वेगळेपण काय?

नरपडचा किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी खूप आत जाते आणि भरतीला तितकेच मागे येते. वाळू टणक दिसते म्हणून गाडी किनाऱ्यावर उतरवण्याचा मोह होतो. तो टाळावा. ओल्या वाळूत चाक रुतले तर पुढच्या भरतीपर्यंत हातात जेमतेम सहा तास असतात. पाण्यात उतरायचे तर त्या दिवसाची भरतीची वेळ आधी बघा आणि स्थानिक कोळ्यांना विचारा.

रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या आहेत. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. इथे तो पारशी आणि इराणी बागायतदारांनी रुजवला आणि पुढे इतर शेतकऱ्यांनी वाढवला. ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हिवाळ्यात वाडीतले ताजे फळ, चिकूच्या चिप्स आणि लोणचे मिळते. उन्हाळ्यात रस्त्यालगत ताडगोळे विकायला बसतात.

शिक्षणाच्या इतिहासातही या पट्ट्याला स्थान आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना याच परिसरात आकाराला आली. त्याच १९४५ साली तलासरीजवळच्या झरी येथे गोदावरी परुळेकर यांच्या उपस्थितीत वारल्यांनी वेठबिगारीला नकार दिला. महामार्गाने जाताना तलासरी ही केवळ सीमेची पाटी वाटते. हा इतिहास ठाऊक असला की तीच पाटी वेगळी दिसते.

इतिहासाची शहरे किती जवळ?

बोर्डीपासून जवळच अस्वालीच्या परिसरात बाहरोटची लेणी आहेत. संजाण पडल्यावर पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी याच डोंगरात काही वर्षे लपवून ठेवला, अशी परंपरा सांगते. चढ दमवणारा असल्याने लहान मुले आणि गुडघेदुखी असलेल्यांनी पायथ्याशी धरणाकाठी थांबणे बरे. सीमेपलीकडे संजाण आहे. पारशी इराणमधून येऊन इथेच उतरले, असे मानतात. त्याची आठवण म्हणून १९२० मध्ये स्तंभ उभारला गेला. तोच अग्नी १७४२ पासून उदवाड्यात आहे. अग्निमंदिरात पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, पण गावातील जुनी घरे आणि गल्ल्या पायी पाहता येतात.

पुढे दमण. पोर्तुगीजांनी ते १५५९ मध्ये घेतले आणि त्यांची सत्ता १९ डिसेंबर १९६१ पर्यंत टिकली. मोटी दमणचा किल्ला अजून वस्तीसह नांदता आहे. परतताना वेळ असेल तर वसईचा किल्ला जोडता येतो. चिमाजी अप्पांनी तो १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकला. एकाच सत्तेचे दोन किल्ले, एक राबता आणि एक भग्न, पाठोपाठ पाहिले की मुलांना इतिहासाचे पुस्तक वेगळे समजवावे लागत नाही.

एक सूचना महत्त्वाची. दमणमध्ये मद्यविक्री खुली आहे, पण बाहेर पडताना गुजरातमधूनच यावे लागते आणि तिथे दारूबंदी आहे. गाडीत बाटली सापडली तर गुन्हा दाखल होऊ शकतो. ‘फक्त सीमेपर्यंतच जायचे होते’ हे कारण चालत नाही.

हा किनारा हिरवा राहिला कसा?

मुंबई-अहमदाबाद पट्ट्यात वसई, बोईसर-तारापूर, वापी अशी औद्योगिक केंद्रे आहेत. मधला डहाणू तालुका वेगळा दिसतो, त्याचे कारण निसर्गाइतकेच कायद्यातही आहे. केंद्राने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. उद्योगांसाठी कमाल ५०० एकर जागेची मर्यादा घातली आणि तालुक्याभोवती २५ किमीचा उद्योगमुक्त पट्टा सांगितला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. वाढवण येथील बंदराचा पहिला प्रस्ताव याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये फेटाळला. डहाणूच्या औष्णिक वीज प्रकल्पाला धुरातील गंधक कमी करणारी यंत्रणा बसवावी लागली, तीही प्राधिकरणाच्या आदेशामुळेच.

वाढवण बंदरामुळे काय बदलेल?

३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने वाढवण बंदराला अटींसह मान्यता दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६ हजार २०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. बंदर डहाणू खाडीच्या दक्षिणेला आहे, नरपड तिच्या उत्तरेला. समुद्रात १,४०० हेक्टरहून अधिक भराव होणार आहे आणि बंदराला महामार्गाशी जोडणारा सुमारे ३२ किमीचा नवा रस्ता नियोजित आहे.

लाखो रोजगार आणि जगातील मोठ्या बंदरांत स्थान, ही सरकारची बाजू. मासेमारीची क्षेत्रे, डायमेकर आणि बागायतदार यांचा रोजगार जाईल, किनाऱ्याचे स्वरूप बदलेल, ही विरोध करणाऱ्या स्थानिकांची बाजू. प्रवाशाच्या नजरेतून एवढे नक्की की कंटेनरची वाहतूक आणि जमिनीची मागणी वाढली की चारोटी ते बोर्डी हा शांत रस्ता आहे तसा राहणे अवघड होईल.

मग कधी आणि कसे जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे निघून सकाळी चारोटी, दुपारपर्यंत नरपड, मुक्काम किनाऱ्यावरच्या घरगुती निवासात, दुसऱ्या दिवशी उदवाडा-दमण आणि अंधार पडण्याआधी परतीचा महामार्ग, असे नियोजन झेपते. जेवण, फळे आणि चित्रे स्थानिकांकडून घ्या आणि कचरा गाडीतून परत आणा. या पट्ट्याची हिरवाई चिकू, मासे आणि पर्यटन यांवर कुटुंबे पोसली जातात तोवर जपली जाते. तिथे खर्च केलेला रुपया म्हणूनच एका सहलीपुरता राहत नाही.