शाळेने पोलिसांना केव्हा बोलवावे?

वसतिगृहात मोबाईल हरवतो, अधीक्षकांच्या कपाटातले पैसे जातात, नाहीतर मुलांच्या मारामारीत एकाचे डोके फुटते. मुख्याध्यापक फोन लावतात आणि थोड्या वेळाने पोलिसांची गाडी फाटकात उभी राहते. आदिवासी भागात काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हे दृश्य अपरिचित नाही. गाडी आल्यावर काय व्हावे आणि काय मुळीच होऊ नये, हे कायद्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. ते वाचलेले शिक्षक थोडे आणि पालक तर त्याहून थोडे.

घाईचा निर्णय कसा होतो, हे एका जगभर गाजलेल्या घटनेतून चांगले कळते. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यातील अर्विंग गावी नववीतल्या एका चौदा वर्षांच्या मुलाने जोडलेले घड्याळ शाळेत नेले. वायरी, आकडे दाखवणारी पाटी, सगळे एका पेन्सिलच्या पेटीत बसवलेले. पहिल्या शिक्षकांना त्याने ते दाखवले, तेव्हा ते फार कुणाला दाखवू नकोस, असे त्यांनी सुचवले. पुढे इंग्रजीच्या तासाला घड्याळाचा गजर वाजला. बाईंना ते बॉम्बसारखे वाटले. मुलाला कार्यालयात नेले, पोलीस आले, आईवडील जवळ नसताना चौकशी झाली आणि बेड्या घालून त्याला नेण्यात आले. शाळेने तीन दिवस निलंबित केले ते वेगळेच. दोन दिवसांत पोलिसांनी जाहीर केले की कोणताही गुन्हा दाखल होणार नाही. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्याला घड्याळ घेऊन भेटीला बोलावले, आणि त्याच वर्षी ते कुटुंब देश सोडून कतारला गेले.

या प्रकरणात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शाळेची इमारत रिकामी केली गेली नव्हती. पेटीत बॉम्ब आहे असे खरोखर वाटले असते, तर शेकडो मुलांना आधी बाहेर काढले असते. म्हणजे धोका नाही हे मोठ्यांना कळले होते, तरी कारवाई थांबली नाही. मग आरोप बदलला आणि ‘बॉम्बचा बनाव केला’ असा झाला. मुलगा तर पहिल्यापासून घड्याळ आहे असेच सांगत होता. त्याचे वडील सुदानहून आलेले, नाव मुसलमानी. दुसऱ्या कुणाच्या हातातल्या पेटीवर इतका संशय आला असता का, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला, आणि तो योग्यच होता.

संशय नावावरून आणि जमातीवरून चालतो, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायला नको. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. आपल्याकडच्या पारध्यांच्या वाट्याला तो शिक्का आला. १९५२ साली कायदा गेला, पण वर्गात पेन हरवले की आजही पहिली नजर पारध्याच्या पोराकडे वळते. कातकऱ्याच्या मुलाचेही फारसे वेगळे नाही. अशा मुलाच्या घरी पोलिसांची भीती पिढ्यांची असते. गणवेशातला माणूस वर्गाच्या दारात दिसला की पुष्कळदा ते मूल पुन्हा शाळेत येतच नाही.

आता कायदा पाहू. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात निदान एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असला पाहिजे. मुलाशी बोलायचे ते त्यानेच, आणि साध्या कपड्यांत. बेड्या किंवा दोरी नाही, कोठडी तर कोणत्याही परिस्थितीत नाही. ताब्यात घेतलेच, तर पालकांना कळवायचे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यायचे.

यापुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. कायद्याखालील २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार मुलावर एफआयआर नोंदवता येतो तो फक्त दोन प्रसंगी: आरोप अतिगंभीर गुन्ह्याचा असेल, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षेचा, किंवा मोठ्या माणसांबरोबर मिळून गुन्हा केल्याचा आरोप असेल. एरवी स्टेशन डायरीत नोंद करायची आणि मुलाच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा. मोबाईलची चोरी या व्याख्येत कुठेच बसत नाही. तेव्हा ‘तुझ्यावर गुन्हा दाखल करतो, जन्माचा अडकशील’ ही जी धमकी मुलाला दिली जाते, तिला आधार नाही. कबुलीसाठी दबाव आणता येत नाही, आणि मुलाची कोणत्याही जबाबावर सही घेता येत नाही. अंगठाही नाही, हे आपण पालकांना मुद्दाम सांगावे.

हे नियम मोडले गेले तर न्यायालय दखल घेते. २०२० साली कर्नाटकात बीदरच्या एका शाळेतील लहान वर्गांच्या मुलांनी नागरिकत्व कायद्यावर नाटुकले केले. राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. मुख्याध्यापिका आणि एका मुलीची आई यांना अटक झाली. मुलांची चौकशी करायला पोलीस पुन्हा पुन्हा शाळेत गेले, तेही गणवेशात आणि शस्त्रांसह. नाटुकल्याबद्दल कुणाचे मत काहीही असो, मुलांसमोर असे जाणे हे सकृद्दर्शनी बाल न्याय कायद्याचे उल्लंघन आहे, असे उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले. २०२३ मध्ये तो गुन्हाच रद्द झाला. मधली तीन वर्षे मात्र गेली ती गेलीच.

शाळेच्या हातातही मर्यादित अधिकार आहेत. शिक्षण हक्क कायद्याने मारणे आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. सर्वांसमोर झडती घेणे, ‘चोर’ म्हणून प्रार्थनेच्या रांगेत उभे करणे हा मानसिक छळ नाही तर दुसरे काय? प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही.

मग पोलिसांना बोलवूच नये का? बोलवावे, आणि काही वेळा तर बोलवलेच पाहिजे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्याखाली कळवणे सक्तीचे आहे. संस्थेच्या प्रमुखाने दडवले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वसतिगृहातून मूल बेपत्ता झाले तर त्याच दिवशी कळवावे. खेदाने लिहावे लागते, की हजाराच्या मोबाईलसाठी तातडीने ठाणे गाठणारी माणसे अशा वेळी ‘शाळेचे नाव जाईल’ म्हणून गप्प बसतात.

हरवलेल्या वस्तूसाठी आधी पालकांना बोलवावे, शाळा व्यवस्थापन समितीत बोलावे, दोन दिवस थांबावे. पुष्कळदा वस्तू गादीखालीच सापडते. पोलीस आलेच तर शिक्षकाने मुलाजवळून हलू नये आणि बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण, हे नावानिशी विचारावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. १०९८ हा क्रमांक वसतिगृहाच्या भिंतीवर मुलांना दिसेल असा लिहिलेला असावा. मुलाचे नाव किंवा फोटो गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा ‘वर्तणूक’ हा रकाना. रागाच्या भरात तिथे एखादा शेरा मारला जातो आणि तो मुलाबरोबर पुढच्या शाळेत, आयटीआयत, नोकरीच्या अर्जापर्यंत जातो. सोळा वर्षांवरील मुलांची काही अतिगंभीर प्रकरणे सोडली, तर बाल न्याय कायद्याखाली प्रकरण चालले, म्हणून मुलाला पुढे कुठे अपात्र ठरवता येत नाही. एरवी त्याच्या नोंदीसुद्धा ठराविक मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. असा शेरा मारलेला दाखला कुणा पालकाच्या हाती आढळला, तर दुरुस्तीचा लेखी अर्ज मुख्याध्यापकांकडे द्यावा, एक प्रत प्रकल्प कार्यालयाकडे द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये.