जर्मन भाषेतील भावसमास

जर्मन माणूस म्हणजे शिस्तीचा पुतळा, भावनेशी त्याचे सोयरसुतक नाही, असा जो समज आपल्याकडे रूढ आहे, तो ती भाषा शिकू लागताच डळमळतो; कारण दुसऱ्याची फजिती पाहून मनातल्या मनात होणाऱ्या गुदगुल्यांना तेथे ‘शाडेनफ्रॉयडे’, म्हणजे हानीचा आनंद, आणि दुःखाच्या भरात खात सुटल्याने अंगावर चढलेल्या मेदाला ‘कुमरश्पेक’, म्हणजे शोकाची चरबी, अशी रीतसर नामे आहेत. यावरून जर्मनांचे अंतःकरणच अधिक खोल, असे अनुमान काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. हा प्रताप अंतःकरणाचा नसून, नामाला नाम जोडून नवे नाम घडवू देणाऱ्या व्याकरणाचा आहे. ज्याने शाळेत तत्पुरुष समासाचा विग्रह केला असेल, त्याला येथे परकेपणा वाटू नये. उत्तरपद ‘श्पेक’ पुल्लिंगी, म्हणून सबंध शब्दही पुल्लिंगी. तेव्हा शब्द पाठ करण्यापूर्वी तो फोडून पाहावा.

काही शब्द फोडले की आत इतिहास सापडतो. ‘टोरश्लुसपानिक’ म्हणजे वेस बंद होण्याची धास्ती. हाम्बुर्ग शहराचे दरवाजे सूर्यास्तानंतर बंद होत, आणि उशिरा पोहोचणाऱ्यास पहारेकऱ्यांकडे दस्तुरी भरल्यावाचून आत प्रवेश नसे; हा शिरस्ता 1860 अखेरपर्यंत चालू होता. वेशी गेल्या, धास्ती राहिली. आता वय उतरणीला लागले आणि विवाह, संतती किंवा मनाजोगती नोकरी हातची जाणार, या विचाराने जो जीव कासावीस होतो, त्याला हा शब्द लावतात. ‘हाइमवे’ या घरच्या ओढीची गणना तर एकदा रोगांतच झाली : परमुलखात चाकरी करणारे स्विस शिपाई तिने झुरत, आणि योहानेस होफर याने 1688 साली बाझेल येथे त्यावर वैद्यकीय प्रबंध सादर केला. परदेशाची ओढ ती ‘फेर्नवे’. आमच्याकडे ती बहुधा व्हिसाच्या अर्जात व्यक्त होते.

मात्र शिकणाऱ्याने असल्या नवलाईच्या शब्दांवरच लुब्ध होऊ नये. जर्मनीत दररोज कानी पडणारा शब्द ‘फायराबेंट’ हा आहे : कामाची वेळ संपली, आता माझ्यावर कोणाचा हुकूम नाही, ही निश्चिंतता. कचेरीतून निघणाऱ्यास सहकारी ती आवर्जून चिंततात. ‘आबेंट’ म्हणजे संध्याकाळ खरी, परंतु रात्रपाळी आटोपून भल्या पहाटे घरी निघालेल्या परिचारिकेचाही तो फायराबेंटच असतो.