दुखत नाही, पण जबडा फुगतो

अमेलोब्लास्टोमा ही दात घडवणाऱ्या ऊतींपासून जबड्यात वाढणारी दुर्मीळ गाठ. ती कर्करोग नव्हे, पण हाड पोखरत पसरते. बहुधा खालच्या जबड्यात, दाढांच्या मागे. किशोरवयात तिचा एकाच पोकळीचा प्रकार जास्त दिसतो, अनेकदा न उगवलेल्या अक्कलदाढेभोवती. एक्स-रेत तो साध्या सिस्टसारखा भासतो आणि इथेच फसगत होते. म्हणून ओपीजी (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे), सीटी स्कॅन आणि बायोप्सी. बायोप्सीच्या लहानशा तुकड्यावर विसंबू नये. काढलेली संपूर्ण गाठ पॅथॉलॉजिस्टकडे गेलीच पाहिजे, कारण पोकळीच्या भिंतीत गाठ कितपत शिरली आहे यावर पुढचे उपचार ठरतात.

घन प्रकारची गाठ नुसती खरवडली तर पुष्कळदा परतते. त्यामुळे भोवतीचे १ ते २ सेंटिमीटर निरोगी हाडही काढतात आणि पायातल्या फिब्युला हाडाने जबडा पुन्हा उभारतात. वाढत्या मुलाच्या चेहऱ्यासाठी ही फार मोठी किंमत आहे. एकाच पोकळीची गाठ असेल, तर आधी पोकळीत नळी बसवून गाठ आकुंचू द्यायची आणि मग उरलेली काढायची, हा सौम्य मार्ग निदान विचारात तरी घ्यायलाच हवा.

२०१४ मध्ये यातल्या बऱ्याच गाठींत बीआरएएफ जनुकातला बदल आढळला. तो रोखणाऱ्या गोळ्यांनी काही रुग्णांची गाठ लहान झाली आहे. शस्त्रक्रियेची जागा मात्र त्यांनी घेतलेली नाही.

गाठ दहा वर्षांनीही उलटू शकते. दहावीतल्या मुलाची तपासणी त्याच्या नोकरीच्या वयातही चालू राहावी.