कोरोनाकाळात कामासाठी विमानप्रवास: धोका नेमका कुठे?

देशांतर्गत विमानसेवा २५ मे २०२० पासून पुन्हा सुरू झाली. अनेकांना भीती वाटते ती विमानातील बंद हवेची. प्रत्यक्षात उड्डाणादरम्यान ही हवा साधारण दर तीन मिनिटांनी बदलते आणि बहुतेक मोठ्या विमानांत हेपा फिल्टर असतात. मात्र शेजारचा बाधित प्रवासी, रांगेतील गर्दी आणि बंद खोलीतील बैठक यांपासून फिल्टर वाचवत नाही.

- व्हॉल्व्ह नसलेला एन-९५ मास्क घट्ट बसवा. खाण्यासाठी तो कमीत कमी वेळ काढा.
- टॅक्सीच्या आणि बैठकीच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा.
- ताप, खोकला किंवा वास न येणे, यांपैकी काहीही असल्यास प्रवास रद्दच करा.

लक्षणे नसतानाही संसर्ग पसरतो. म्हणून घरात वृद्ध किंवा मधुमेही व्यक्ती असल्यास परतल्यावर १४ दिवस वेगळ्या खोलीत राहण्याचा सल्ला २०२० मध्ये दिला जात होता.