पहिला खेळ कोणता निवडावा?

राजारामपुरीत आमच्या गल्लीत एक निवृत्त गणित-शिक्षिका राहतात. सारी गल्ली त्यांना बाई म्हणते. गेल्या दिवाळीत त्यांचा नववीतला नातू बंगळूरहून आला होता. एरवी फोनवर ‘हो’, ‘नाही’ यापलीकडे न बोलणारा हा मुलगा संगणकावरच्या एका खेळाविषयी मात्र तासभर बोलला. बाईंना वाटले, आपणही हे शिकावे, म्हणजे बोलायला विषय मिळेल. नातवाने स्वतःच्या आवडीचा खेळ त्यांना सुरू करून दिला. सलग तीन संध्याकाळी पहिल्याच राक्षसाकडून मार खाल्ल्यावर बाईंनी तो बंद केला आणि आम्हाला म्हणाल्या, “माझ्याच्यानं नाही होणार रे आता. डोकं चालत नाही पूर्वीसारखं.”

हे वाक्य शिक्षकांच्या चांगलेच ओळखीचे आहे. ‘मला गणित जमत नाही’ म्हणणारा विद्यार्थीही पुष्कळदा हेच करतो. पहिली पायरी फार उंच मिळाली, तर तो पायरीला दोष देत नाही, स्वतःला देतो. तेव्हा नवख्याला पहिला खेळ कोणता द्यावा, हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही.

ज्यांना ‘रोल प्लेइंग गेम’ म्हणतात, त्यांना आपण भूमिका-खेळ म्हणू. यात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो. त्या पात्राचे बळ, चपळाई, जीवनशक्ती हे सारे आकड्यांत मांडलेले असते. या खेळांचा उगम संगणकात नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. तो कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळतात. पुढे १९८१ साली ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ हे संगणकावरचे खेळ आले. पण ते जाणकारांसाठी होते.

नवख्यांचा विचार नीट केला तो जपानच्या युजी होरी यांनी. त्यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ १९८६ साली आला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. प्रत्येक शत्रू हरवला की अनुभवाचे गुण मिळतात आणि ठरावीक गुण साठले की पात्र एक पातळी वर जाऊन बलवान होते. मूळ खेळात दुसऱ्या पातळीसाठी एकूण ७ गुण लागतात, तिसरीसाठी २३, चौथीसाठी ४७ आणि पाचवीसाठी ११०. सर्वांत दुबळा शत्रू १ गुण देतो. म्हणजे सात छोटे विजय मिळवले की पहिली बढती! ज्याला पुढचा शत्रू भारी वाटतो, त्याने मागे थांबून आणखी थोडे गुण कमवावेत. चढ किती तीव्र ठेवायचा, हे अशा रीतीने खेळणाराच ठरवतो.

दुसरी गोष्ट हरण्याची. या खेळात पात्र हरले तर जवळचे निम्मे नाणे जाते, पण अनुभवाचे गुण कायम राहतात. याउलट १९८०च्या सुमाराच्या ‘रोग’ या खेळात पात्र मेले की सारे मुळापासून सुरू करावे लागते. मुरलेल्या खेळाडूला त्यात गंमत वाटते, नवख्याला नाही. म्हणून खेळ निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो हा : चुकल्यावर काय जाते आणि काय उरते?

दुसरा प्रश्न : विचाराला वेळ मिळतो का? काही खेळ पाळीपाळीने चालतात. आपली खेळी होईपर्यंत शत्रू बुद्धिबळातल्या प्रतिस्पर्ध्यासारखा थांबतो. काहींत बोटांची चपळाई लागते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली आला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी आणि भारतीय पुराणकथांचे वातावरण यांमुळे तो आपल्याला जवळचा वाटतो. पण त्यात झटपट हालचालींची लढाई आहे, शिवाय तो काटेकोर अर्थाने भूमिका-खेळही नव्हे. कथा ओळखीची म्हणजे खेळ सोपा, असे समजू नये.

तिसरा मुद्दा संभाव्यतेचा. पडद्यावर लिहिलेले असते, ‘वार लागण्याची शक्यता ९० टक्के’. वार चुकतो आणि नवखा म्हणतो, यंत्र लबाडी करते. पण ओळीने चार वार लागण्याची शक्यता ०.९ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ६६ टक्केच असते. तीनांत एकदा कुठेतरी चुकणारच. माणसाच्या मनाला ९० म्हणजे जवळजवळ शंभर वाटतात. ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेतल्या २००२ नंतरच्या काही खेळांनी याला मजेशीर उत्तर दिले. ० ते ९९ मधली एक यादृच्छिक संख्या न घेता दोन घ्यायच्या आणि त्यांची सरासरी पाहायची. मग ९० असे लिहिलेले असताना वार प्रत्यक्षात सुमारे ९८ टक्के वेळा लागतो. म्हणजे अंदाज माणसाचा चुकतो आणि त्याच्या समाधानासाठी गणित वाकवले जाते.

चौथा प्रश्न पैशाचा, आणि इथे सावध राहिले पाहिजे. फोनवरचे कित्येक भूमिका-खेळ फुकट मिळतात, पण चांगले पात्र हवे असेल तर पैसे भरून सोडतीसारखी चिठ्ठी काढावी लागते. समजा, ते पात्र निघण्याची शक्यता १ टक्का आहे. शंभर चिठ्ठ्या काढल्या तर ते नक्की मिळेल, असे मुले समजतात. खरे उत्तर ६३ टक्के आहे. शंभर जणांनी असे केले, तर सुमारे ३७ जण रिकाम्या हाताने परततील. जपानने २०१२ साली अशा सोडतीच्या एका प्रकाराला आळा घातला, तर बेल्जियमने २०१८ साली खेळांतल्या अशा सशुल्क पेट्यांना जुगार ठरवले. नवख्याला एकदाच किंमत देऊन मिळणारा खेळ द्यावा.

वर्गात हे तपासून पाहता येईल. एक साधा फासा घ्या. ३ किंवा अधिक पडले तर वार लागला असे माना. ओळीने चार वार लागणे किती वेळा घडेल, याचा अंदाज मुलांना आधी वहीत लिहायला सांगा आणि मगच फासे टाका. उत्तर सुमारे २० टक्के आहे. बहुतेकांचा अंदाज याहून बराच मोठा निघतो, असा आमचा अनुभव आहे.

बाईंना आम्ही ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची फोनवरची आवृत्ती दिली. खेळातले इंग्रजी त्या चष्मा लावून सावकाश वाचतात. शेजारी चौकटीची वही असते, तीत कोणता शत्रू किती गुण देतो याचे कोष्टक. परवा त्यांनी नातवाला फोन केला. पुढची पातळी किती गुणांवर येईल, यावर दोघांचा वाद झाला. बाईंचा अंदाज चुकला. “बघू पुढच्या वेळी,” असे म्हणून त्यांनी वहीत नवा आकडा लिहिला.