पहिला कॅमेरा घेताय? काशीच्या घाटांवर एवढं पुरतं

परवा वाराणसीत अहिल्याबाई घाटावर नागपूरच्या एका मुलीने विचारलं, "दादा, सुरुवातीला काय काय घेऊ?" उत्तर अनेकांच्या कामाचं आहे, म्हणून इथे लिहितोय.

📷 कॅमेरा: चांगल्या स्थितीतला सेकंडहँड एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा भरपूर झाला. सोबतची १८-५५ मिमी किट लेन्स ठेवा. १८ वर घाटांची रांग मावते, ५५ वर नावाड्याचा चेहरा.

🔥 दुसरी लेन्स: ५० मिमी एफ/१.८. दशाश्वमेध घाटावरची गंगा आरती संध्याकाळी, कमी प्रकाशात होते. किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ पर्यंतच उघडते. ही ५० मिमी तिच्या जवळपास दहापट प्रकाश घेते.

🛶 ट्रायपॉड: घाटावर उपयोगी, नावेत नाही, कारण नावच हलते. तिथे आयएसओ वाढवा, शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान ठेवा.

🌅 फ्लॅश तूर्त नको. घाट पूर्वाभिमुख आहेत. सकाळी नावेतून पाहिलं तर सूर्य तुमच्या पाठीशी आणि घाट उजळलेले!

🎒 जादा बॅटरी, दुसरं मेमरी कार्ड आणि लेन्स पुसायचं कापड विसरू नका.

🙏 मणिकर्णिका घाटावर चितांचे फोटो काढू नका. तिथे कुणाचं तरी दुःख असतं.

तुमचं बजेट किती? काय टिपायचंय? बिनधास्त विचारा, जमेल तेवढं नक्की सांगेन.