अर्धी गाडी, डबाभर पावत्या

इंग्लंडात सुटे भाग आणून घरीच मोटार जोडायची हौस जुनी. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन तशीही मिळायची, कर वाचायचा! आमच्या ह्यांनाही तेच वेड. एका आजींकडे अर्धवट जोडलेली गाडी बघायला गेलो. त्यांच्या यजमानांनी सुरू केलेली. ते गेले, गाडी राहिली.

हे वाकून गंज शोधत बसले. मी म्हटलं, "अहो, आधी कागद बघा!" पावत्या, जुन्या इंजिनाच्या गाडीचं लॉगबुक नसेल तर 'क्यू' नंबर गळ्यात पडायचा, म्हणजे वयाचा पत्ता नसलेली गाडी. शिवाय रस्त्यावर आणण्याआधी सरकारी तपासणी असतेच.

आजींनी बिस्किटांचा डबा आणला. पावत्या तारीखवार. शेवटचीवर यजमानांच्या अक्षरात, 'ब्रेकचे पाइप बाकी.'

घासाघीस करायला जीभच रेटेना.